पत्रपेट्यांमागची रेघ

मागच्या वर्षीच्या, म्हणजे 2025च्या ऑगस्टमधली गोष्ट. सिंहगड रोड, नदीपासून हाकेच्या अंतरावरची सोसायटी, दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. कार्पेट 720 चौरस फूट, सौदा 78 लाखांना ठरलेला. बँकेने व्हॅल्युएशनसाठी मला पाठवलं होतं. पंधरा वर्षं मी हेच काम करते. घर बघून जीव प्रसन्न झाला. कुठे ओल नाही, तडा नाही, बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे. घरमालक काकांनी घर इतकं जपलेलं, की ओट्याखालच्या ट्रॉल्या अजून नव्यासारख्या सरकत होत्या. घर विकून ते लेकीकडे नाशिकला जायचे होते.

खाली पार्किंगमध्ये आले आणि पाय थबकले. विजेचे मीटर माझ्या डोक्याच्याही वर बसवलेले. भिंतींना ताजा रंग, पण पत्रपेट्यांच्या लोखंडी रॅकमागे रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता. तिथे गाळाची तपकिरी रेघ. टेप लावली. जमिनीपासून चार फूट दोन इंच.

"25 जुलैचं पाणी, ताई," वॉचमन म्हणाला. "पहाटे आलं. लोकांना गाड्या काढायलासुद्धा सवड मिळाली नाही."

2024चा तो दिवस पुण्यात कोण विसरेल? खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या वर विसर्ग आणि एकता नगरीत बोटीतून माणसं बाहेर काढलेली. ही इमारत निळ्या पूररेषेच्या बाहेर, लाल रेषेच्या आत. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. म्हणजे परवानगीत खोट नाही. फ्लॅटमध्येही पाणी शिरलं नव्हतं. मग किंमत कमी का धरायची?

याचं उत्तर मी इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सरकारी गोषवाऱ्यात शोधलं. जाहिरातीतला भाव हा मागणीचा भाव. खरा भाव नोंदलेल्या दस्तात असतो. रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ताही इथे उपयोगाचा नाही. तो विभागावर चालतो, एका पार्किंगमध्ये साचलेलं पाणी त्याला दिसत नाही. शेजारच्या तीन सोसायट्या धरून पुराच्या आधीच्या वर्षात सात विक्रीचे दस्त मिळाले, चौरस फुटाला सरासरी 10,800 रुपये. पुरानंतरच्या वर्षात दोनच. त्यातलं एक भावाभावातलं बक्षीसपत्र, ते धरता येत नाही. उरलेला एक, 9,200 रुपयांचा.

त्या एका दस्तापेक्षा न झालेल्या सहा दस्तांनी मला जास्त सांगितलं. भाव पडला तर आकडा दिसतो. गिऱ्हाईकच आटलं तर काहीच दिसत नाही, आणि कर्ज थकल्यावर घर विकायची वेळ आली की ते कळतं. शहराचा बाजार तेजीत आहे म्हणून या गल्लीचाही आहे, असं मी लिहू शकत नव्हते.

दुपारी कर्जाच्या एजंटचा फोन. "मॅडम, व्हॅल्यू बसवून द्या ना. फ्लॅट तर कोरडा आहे." मी नाही म्हटलं. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला मूल्याच्या 80 टक्के ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा. 78 लाखांवर 62 लाख 40 हजार मिळाले असते, मी लिहिलेल्या 66 लाखांवर 52 लाख 80 हजार. मधले 9 लाख 60 हजार घर घेणाऱ्या त्या नव्या जोडप्याला कुठून तरी उभे करावे लागणार. रिपोर्टमध्ये रेघेचा फोटो, टेपसकट, पहिल्या पानावर लावला.

संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "मी पानशेतचा पूर पाहिलाय, मॅडम. सात वर्षांचा होतो. पाणी ओसरलं, लोक परत आले, पुणं पुन्हा उभं राहिलं. माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे हो."

"काका, घरात एक रुपयाचीही खोट नाही," मी म्हटलं. "पण उद्या हे घर विकायला काढलं तर दारात किती गिऱ्हाइकं उभी राहतील, तेही मला लिहावं लागतं." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरोबर आहे. आठ महिन्यांत घर बघायला तिघंच आले." त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही.

सौदा डिसेंबरात झाला, 67 लाखांना. दस्त नोंदला गेला. त्या गल्लीत तुलनेला आता माझ्याकडे दोन व्यवहार आहेत.