गडगे, सडा आणि वहिवाट

शनिवार, १७ मे

रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि खिडकीबाहेर अजून उजेड आहे. बाबा सोफ्यावर पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळतायत. माझी उजवी नडगी सोललेली आहे. म्हणजे दिवस चांगला गेला म्हणायचा.

बाबांना इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्स या डोंगराळ भागातल्या मालम गावाला न्यायचं हे त्यांचा व्हिसा आला तेव्हापासून डोक्यात होतं. लीड्सहून स्किप्टनच्या पुढे आत वळलं की रस्ता बारीक होत जातो आणि दोन्ही बाजूंना दगडी भिंती सुरू होतात. मी मनात ठरवून ठेवलेलं, की बाबांना आधी ओढ्याकाठचा धबधबा, मग गॉर्डेल स्कारची घळ आणि शेवटी मालम कोव्हचा तो प्रचंड कडा दाखवायचा. चढत्या क्रमाने. जेवणात शेवटी गोड वाढतात तसं.

बाबा गाडीतून उतरले आणि पहिल्या भिंतीपाशीच थांबले.

“हे तर गडगे!”

आता मी सात वर्षं या भिंतींमधून चालतेय, पण माझ्या डोक्यात त्या ‘ड्राय स्टोन वॉल’ होत्या. राजापूरच्या घरामागे आजोबांनी घातलेला गडगा आणि हे एकच, हे मला एकदाही सुचलं नाही. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. बाबांनी चष्मा वर केला आणि भिंतीच्या तुटलेल्या टोकात डोकं घातलं. आतून ती दोन भिंतींची निघाली. दोन्ही बाजू वर जाताना एकमेकींकडे कललेल्या, मधल्या पोकळीत बारीक दगडांची भर, आणि मध्येच एखादा लांब दगड आरपार, दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा. “सांधा सांध्यावर येऊ दिलेला नाही बघ,” बाबा म्हणाले. “माणूस जाणता होता.” यॉर्कशायर डेल्समध्ये असे ८,००० किलोमीटरहून जास्त गडगे आहेत, हे सांगितल्यावर त्यांनी नुसतं “बापरे” म्हटलं नाही. “एवढा दगड आधी शेतातून वेचला असणार,” म्हणाले. ज्याने वेचलाय त्यालाच हे सुचतं.

पुढे भिंतीत एक फट होती. माणूस आडवा होऊन जेमतेम जाईल, मेंढी जाणार नाही अशी. शेजारी पाटी, ‘पब्लिक फुटपाथ’. पलीकडे कोणाचं तरी कुरण, त्यात मेंढ्या आणि कोकरं.

“हे कोणाचं?”

“असेल कोणा शेतकऱ्याचं.”

“मग विचारल्याशिवाय कसं जायचं?”

बत्तीस वर्षं तलाठी होते बाबा. निम्मं आयुष्य बांध आणि वाटांच्या भांडणांत गेलं. वाट अडवली की मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. बांधावरून रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. ही कलमं आमच्या घरात पाढ्यांसारखी पाठ होती. त्यांना इथला कायदा सांगायला मला फार मजा आली: जमीन खासगीच, पण वाट सगळ्यांची, लोक २० वर्षं हक्काने, विनाअडथळा चालत असले तर ती वाट सार्वजनिक मानली जाऊ शकते, आणि तिची नोंद सरकारी नकाशावर असते.

“म्हणजे वहिवाट,” बाबा म्हणाले आणि फटीतून पोट आत घेऊन पलीकडे गेले.

ओढ्याकाठच्या झाडीत रानलसूण फुलली होती. पांढरी फुलं जमिनीभर आणि वास असा, की बाबा थांबून म्हणाले, “फोडणी कुठे दिली?” जॅनेट्स फॉस तसा लहानसाच धबधबा. आपल्याकडे पावसाळ्यात घाटातल्या वळणावळणावर याहून मोठे असतात, हे मी कबूल करते. पण हे पाणी चुनखडीतून आलेलं. विरघळलेला चुना शेवाळ्यावर साचत साचत दगडाचा एक पडदाच तयार झालाय. जवळच एका आडव्या पडलेल्या ओंडक्यात लोकांनी शेकडो नाणी ठोकलीत. “देव कुठला?” बाबांनी विचारलं. म्हटलं, जॅनेट, परीराणी. धबधब्यामागच्या गुहेत राहते म्हणतात. बाबांनी हात जोडले. “आपलं काय जातं.”

गॉर्डेल स्कारमध्ये मी शहाणपण केलं. ती घळच तशी आहे: वळण घेईपर्यंत काही दिसत नाही, आणि मग एकदम दोन्ही बाजूंना शंभरेक मीटरचे कडे, वर आत झुकलेले. वाट सरळ धबधब्याच्या कडेने हातपाय वापरून वर जाते. चोविसाव्या वर्षी सांधण दरी केलेली मी, मला काय त्याचं? माणसांच्या पावलांनी चुनखडी गुळगुळीत होते, न्हाणीघरातल्या फरशीसारखी. तिसऱ्याच पायरीला बूट सटकला आणि नडगी दगडावरून खरवडत खाली आली.

“उतर खाली,” खालून बाबा. आवाज थेट १९९८ सालचा. “वर काय बक्षीस ठेवलंय का?”

उतरले. त्यांनी स्वतःचा रुमाल ओला करून माझ्या पायाला बांधला आणि पुढचा अर्धा तास माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

कोव्हच्या पायऱ्या चारशेच्या आसपास आहेत. दर वीस पायऱ्यांनी बाबा ‘देखावा बघायला’ थांबायचे. मीही दर वेळी देखावा बघितला. खाली तो ८० मीटरचा उभा कडा अर्धवर्तुळात वळलेला; हिमयुग संपताना वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यावरून कोसळायचं. आता वरती पाणीच नाही, ते जमिनीत जिरतं. फक्त डिसेंबर २०१५ च्या वादळात इतका पाऊस झाला, की कड्यावरून पुन्हा धबधबा पडला होता. गंमत म्हणजे, वरच्या तळ्यातून निघून जमिनीत गडप होणारं पाणी कड्याच्या पायथ्याशी निघत नाही. ते गावाच्या खालच्या अंगाला वर येतं. पायथ्याशी निघणारा झरा वेगळ्याच दिशेने आलेला. जमिनीखाली कुठेतरी दोन्ही एकमेकांना न भेटता ओलांडून जातात. बाबा म्हणाले, सख्खे भाऊ असणार.

वर पोचलो आणि बाबा उभेच राहिले.

“अगो, हा सडा!”

उघडा, राखाडी कातळ दूरवर पसरलेला, मधे आडव्यातिडव्या खोल भेगा. आमच्याकडचा जांभ्याचा, तांबूस-काळा. हा चुनखडीचा, पांढुरका. एवढाच काय तो फरक. इकडचे लोक सपाट दगडाला क्लिंट म्हणतात आणि भेगेला ग्राइक. बर्फाने वरची माती खरवडून नेली आणि पावसाच्या पाण्याने सांधे विरघळवत रुंद केले. बाबा गुडघा धरून खाली बसले, मग चक्क पालथे झाले आणि भेगेत हात घातला. “गार आहे गो आत.” आत वाऱ्यापासून लपून, जिभेच्या आकाराची पानं असलेला नेचा वाढला होता. वर बोटभर गवत नाही आणि खाली भेगेत एवढी हिरवाई. आमचा सडाही असाच, जूनपर्यंत मेलेला.

तिथेच बसून डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. मी त्यांना किंडर स्काउट नावाच्या डोंगरमाळाचं सांगितलं. इथून दक्षिणेला, पीक डिस्ट्रिक्टमध्ये, २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण, बहुतेक गिरणी-कारखान्यांतले, शिकारीसाठी राखून ठेवलेल्या खासगी माळावर मुद्दाम चढून गेले. पाच जणांना तुरुंगवास झाला. असे माळ सगळ्यांना मोकळे करणारा कायदा व्हायला २००० साल उजाडलं.

“शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहानंतर दोन वर्षांनी,” बाबांनी हिशेब केला. मग जरा वेळाने, “बरं केलं पोरांनी.”

आता तेल चोळून झालंय. येताना गावातल्या दुकानातून त्यांनी १:२५,००० चा नकाशा घेतला. माझ्या फोनवर फुकट आहे सांगूनही. जेवणाच्या टेबलावर तो पसरलाय, चारी कोपऱ्यांवर वाट्या. गडगानगडगा काळ्या रेषेने दाखवलाय, वाटा हिरव्या तुटक रेषांनी. मघापासून ते बोटाने एकेक कुरण ओलांडतायत.

“यात गटनंबर नाहीत?”

“नाहीत, बाबा.”

“मग ही माणसं भांडतात कशाच्या आधारावर?”