काहीतरी कर आणि चालू कर

लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला एक लॉक असतं आणि त्या लॉकमध्ये छोटासा कॉन्टॅक्ट, सगळ्या मजल्यांचे कॉन्टॅक्ट एका माळेत ओवल्यासारखे जोडलेले, त्यातला एक जरी उघडा राहिला तरी लिफ्ट जागची हलत नाही. जाळीच्या दाराची लिफ्ट ज्यांनी वापरलीये त्यांना माहीत असेल, वर कोणीतरी दार नीट लावलेलं नसतं आणि खाली उभा असलेला माणूस "दरवाजाऽऽ" म्हणून बोंबलत असतो. तर ही अख्खी माळ मशीन रूममधल्या पॅनलवर दोन इंचांची वायर लावून शॉर्ट करता येते. आमच्याकडे त्याला जंपर म्हणतात. जंपर लावला की लिफ्टला वाटतं सगळी दारं बंदच आहेत. टेस्टिंगला पाच मिनिटं लावायचा आणि काढायचा. काढायचा असतो म्हणजे.

मी सर्व्हिस सुपरवायझर आहे, दादर ते वरळी पट्ट्यातल्या लिफ्ट आमच्या टीमकडे, हाताखाली अकरा जणं. दोन वर्षांपूर्वी हरतालिकेच्या आदल्या दिवशी प्रभादेवीच्या एका सात मजली बिल्डिंगचा ब्रेकडाऊन कॉल आला. तिसऱ्या मजल्याचं लॉक गेलं होतं, पूर्ण झिजलेलं, दार हाताने ओढलं तरी उघडत होतं. पार्ट स्टॉकला नाही. कॉलवर गेलेला पोरगा तेवीस वर्षांचा, कणकवलीकडचा, आणि त्याच रात्री त्याचं गावी जायचं तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट होतं. रजा कोणी मंजूर केलेली? मी.

तो फोनवर म्हणाला, सर लॉक बदलायला लागेल, बंद ठेवूया. मागून सेक्रेटरी काका, "अहो काल चालत होती, गणपती परवावर आलाय, आज लगेच काय झालं तिला?" माझ्या समोर पेंडिंग कॉलची यादी, जी मी रोज संध्याकाळी सात वाजता ग्रुपवर नावासकट टाकायचो, (भारी वाटायचं तेव्हा, शिस्त वगैरे). मी म्हटलं, अरे काहीतरी कर आणि चालू कर, कॉल क्लोज करून मगच नीघ.

त्याने केलं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी अर्धी टीम गावाला त्यामुळे मीच फिरतीवर होतो आणि सहज म्हणून तिथे गेलो, पॅनल उघडलं तर लाल वायर, दोन टर्मिनलमध्ये नीट स्क्रू आवळून बसवलेली. खाली तिसऱ्या मजल्यावर गेलो. लिफ्ट तळमजल्यावर होती आणि दार माझ्या हातात सरळ उघडलं. समोर नुसता शाफ्ट, तेलकट दोर आणि खाली कुठेतरी लिफ्टचं छत. मागे एका घराचं दार उघडं, आतून भाजणीचा वास, आणि एक पाच-सहा वर्षांची मुलगी चप्पल घालत होती. काही झालं नाही. पण एक रात्र आणि एक सकाळ ती लिफ्ट तशी चालली होती.

लिफ्ट बंद केली, वायर काढली आणि पोराला फोन लावून पहिलं वाक्य काय बोललो तर, "तुला अक्कल आहे का?" तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालात ना काहीतरी कर." मी जंपर लाव म्हटलं नव्हतं, हे शंभर टक्के खरं, आणि त्याचा काहीही उपयोग नाही. ज्याच्या हातात रजा आणि इन्सेंटिव्ह असतं त्याचं "बघ जमतंय का" हे समोरच्याला ऑर्डर म्हणूनच ऐकू जातं.

आमच्या सेफ्टी ट्रेनिंगला चॅलेंजर यानाचा किस्सा सांगतात, मी तो तीनदा ऐकून तिन्ही वेळा समोसा खाल्लाय. जानेवारी १९८६, बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे इंजिनियर आदल्या रात्री सांगत होते की एवढ्या थंडीत जोडावरच्या रबरी रिंगा नीट काम करणार नाहीत, उडवू नका. तर वरच्या साहेबाने इंजिनियरिंगच्या प्रमुखाला सांगितलं, आता इंजिनियरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. अॅलन मॅकडोनाल्ड नावाच्या माणसाने सही करायला नकार दिला, मग दुसऱ्या कोणीतरी केली. ७३ सेकंदांत यान गेलं, सात माणसं गेली. मला त्यातली आता टोचते ती वेगळीच गोष्ट. त्या रात्री प्रश्नच उलटा झाला होता, सुरक्षित आहे हे दाखवा असं न म्हणता धोका आहे हे सिद्ध करा असं इंजिनियरांना म्हटलं गेलं. काकांचं "काल चालत होती" तेच होतं. आणि मी काकांच्या बाजूने होतो.

आपल्याकडे विषय निघाला की रामशास्त्री येतातच, राघोबाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. ग्रेटच. पण मला वाटतं माझ्या अकरा जणांतल्या प्रत्येकाने रामशास्त्री व्हावं ही अपेक्षा म्हणजे साहेबाची चैन आहे, पोराच्या घरी हप्ते चालू असतात.

फॉर्म भरायचा होता. "कारण" या रकान्यात टेक्निशियनची चूक असं लिहिलं तर कोणी विचारलं नसतं, त्याचं नाव लॉगबुकवर होतंच. दहा मिनिटं बसलो असेन, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा तेच टाइप केलं होतं. मग "सुपरवायझरच्या फोनवरील सूचनेवरून" असं केलं. मेमो आला, त्या तिमाहीचं इन्सेंटिव्ह गेलं, बायको म्हणाली तुला कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला. लिफ्टवर कागद चिकटवला, बंद आहे, तक्रारीसाठी माझा नंबर. लोकांनी तो मनसोक्त वापरला. चौथ्या मजल्याचा गणपती जिन्याने गेला आणि सेक्रेटरी काका अजूनही माझ्याशी सरळ बोलत नाहीत. सात वाजताची यादी तेव्हापासून बंद केली, कॉल क्लोज व्हायला जरा वेळ लागतो आता, त्यावरून मीटिंगमध्ये ऐकून घेतो.

पोरगा आहे अजून टीममध्ये. परवा वरळीला तसलाच कॉल होता, मी फोनवर म्हटलं बघ रे जरा लवकर होतंय का. तो म्हणाला, "सर, हे व्हॉट्सअॅपवर टाका ना." राग आला, खरं सांगतो. टाइप करायला घेतलं तर ते वाक्य लिहिताच येईना, "लवकर" लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी पाठवलं, पार्ट येईपर्यंत बंद ठेव, सोसायटीशी मी बोलतो. त्याने अंगठा पाठवला.