उन्हातून आलेलं पाणी

मे महिन्यात नागपुरात घरोघरी ऐकू येतं, "उन्हातून आल्या आल्या पाणी पिऊ नये." कोण आलं, कोण पिणार, काही सांगितलेलं नाही; तरी ऐकणारा चुकत नाही. याचंच इंग्रजी करून पाहा: 'कमिंग फ्रॉम द सन, वॉटर शुड नॉट बी ड्रंक.' झालं, उन्हातून पाणीच चालत आलं.

याचं नाव डँगलिंग पार्टिसिपल, म्हणजे लोंबकळतं धातुसाधित (क्रियापदापासून बनलेला शब्द). वाक्याच्या तोंडाशी आलेल्या 'कमिंग'ला स्वतःचा कर्ता नसतो, म्हणून ते स्वल्पविरामापुढच्या मुख्य कर्त्याला चिकटतं. मराठीतल्या 'ताना' आणि 'ल्यावर' यांना हे बंधन नाही. 'बर्डीवरून येताना पाऊस आला' (बर्डी म्हणजे नागपूरचं सीताबर्डी) म्हटलं, तर पाऊस बर्डीवरून निघाला असं कोणी समजत नाही. हवं तर 'मी येताना' असा वेगळा कर्ताही बसतो. 'खाऊन'मधलं 'ऊन' जरा कडक, त्याला बहुधा दोन्हीकडे एकच कर्ता लागतो. पण 'तर्री पोहे खाऊन प्लेट टाकली' यात 'टाकली' प्लेटशी जुळलं, तरी टाकणारा माणूस वाक्यात शाबूत असतो. इंग्रजी कर्मणीत तो गळतो: 'हॅविंग ईटन पोहा, द प्लेट वॉज थ्रोन.' पोहे प्लेटनंच खाल्ले ना बाप्पा! म्हणजे ही चूक कच्च्या इंग्रजीपेक्षा पक्क्या मराठीतून येते.

रजेच्या अर्जात तर गंमतच. 'बीइंग इल, काइंडली ग्रांट मी लीव्ह.' आज्ञार्थात कर्ता लपलेला 'यू'. म्हणजे व्याकरणानं साहेब आजारी. रजा मिळतेच, तो भाग वेगळा.

मग हे चालतं का? बरंचसं केव्हाच चालून गेलंय. 'कन्सिडरिंग द हीट, द मॅच स्टार्टेड लेट' यात उन्हाचा विचार मॅचनं केला का, असं कोणी विचारत नाही. 'जजिंग बाय', 'स्पीकिंग ऑफ' यांचंही तसंच. 'ड्युरिंग' तर एका जुन्या क्रियापदाचं धातुसाधित होतं, आज निव्वळ शब्दयोगी. १६०० च्या आसपासच्या हॅम्लेटमध्ये राजाचं भूत म्हणतं, 'स्लीपिंग इन माय ऑर्चर्ड, अ सर्पंट स्टंग मी.' झोपला होता राजा, साप नव्हे, प्रेक्षकाला कळतं. बोलताना एवढं पुरे. लेखी कागदावर मात्र वाचणारा हसेल किंवा अडेल, तिथे सोडू नये.

दुरुस्ती करताना आधी 'व्हाइल' जोडायचा मोह होतो. त्यानं काही होत नाही. 'व्हाइल कमिंग फ्रॉम बर्डी, द रेन स्टार्टेड' तितकंच लोंबकळतं. स्वल्पविरामापुढे येणाऱ्यालाच कर्ता करा: 'कमिंग फ्रॉम बर्डी, आय गॉट वेट.' नाहीतर धातुसाधित मोडून आत 'आय' बसवा. अर्जात 'बीइंग इल'च्या जागी 'अ‍ॅज आय अ‍ॅम इल' लिहिलं, की दोन शब्द वाढतात आणि साहेबांची तब्येत ठणठणीत.