तक्रारीची वेळ : ४.३८

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात ३१ वर्षं मी दुसऱ्यांच्या बिलांवर त्रुटी काढल्या. निवृत्तीनंतर बँकेतला एक तरुण अधिकारी माझ्या अर्जावर त्रुटी काढत होता आणि मी समोर स्टुलावर बसून बघत होते. भामट्यापेक्षा त्या स्टुलाचा राग जास्त आहे, म्हणून भामट्याचं आधी उरकते.

लॅपटॉपवर भाचीच्या लग्नपत्रिकेचे नमुने बघत होते. एकदम स्क्रीनभर निळं पान, कर्कश भोंगा आणि मजकूर : संगणक लॉक झालाय, बंद करू नका, मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा. मी केला. (मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतोच. ते पान म्हणजे नुसती वेबसाइट. एस्केप दाबून धरायचं, नाही गेलं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीटवरून टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करायचा. हे सगळं मला नंतर कळलं.) पलीकडच्या 'इंजिनिअर'नं मॅडम-मॅडम करत एनीडेस्क (दुसऱ्याचा स्क्रीन लांबून बघायचं आणि चालवायचं ॲप) घ्यायला लावलं, आधी लॅपटॉपवर, मग मोबाईलवरही. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून लाल खुणांची भलीमोठी यादी दाखवली. धडधाकट संगणकातही तसल्या नोंदी ढिगानं असतात, पण माझे हातपाय गळाले. ४९९ रुपये फी भरायला नेट बँकिंग उघडलं आणि स्क्रीन काळी झाली. "स्कॅनिंग चालू है." तेवढ्यात मोबाईलवर २४,५०० गेल्याचा मेसेज. पाठोपाठ पुन्हा २४,५००.

त्याचा फोन तोडला आणि बँकेच्या हेल्पलाइनला लावला. मराठीसाठी हे दाबा, कार्डासाठी ते दाबा, मध्ये सनई. १९ मिनिटांनी माणूस मिळाला. त्यानं कार्ड बंद केलं आणि तक्रार क्रमांकाचा मेसेज आला, वेळ ४.३८. नेट बँकिंग मात्र चालूच राहिलं. मी सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. ४.५१ ला २५,००० गेले.

संध्याकाळी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. त्यांना व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक लागतो, तो बँकेच्या मेसेजमध्ये होता. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार झाली. तिथे काहीच अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेले.

"मॅडम, ओटीपी तुम्हीच दिलात ना?"

"दिला नाही. त्याला दिसला."

अधिकाऱ्याला हा फरक पटला नाही. मी घरी येऊन रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढलं, तर त्यालाही फारसा पटत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणानं पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे पहिले ४९,००० माझ्या मूर्खपणाच्या खात्यात, कबूल. शेवटचे २५,००० त्यांचे. सगळं त्या १३ मिनिटांवर आलं.

आणि त्यांच्या फॉर्मवर वेळेचा रकानाच नव्हता! नुसता 'तक्रार दिनांक', त्यात त्यानं शाखेत आले तो दिवस लिहिला. मी मेसेज दाखवला. "ते कॉल सेंटर. आम्हाला तुम्ही आज कळवलंत." म्हटलं, पैसे नेताना बँक एकच होती ना? त्यावर तो म्हणाला, एफआयआरची प्रत आणा. पोलीस म्हणाले, आधी बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट आणा. स्टेटमेंटवर सही करणारे साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला कळलं की मी भरलेला फॉर्म जुना, आता नवा आलाय. नव्यातही वेळेचा रकाना नव्हता.

चौथ्या खेपेला फॉर्मचा नाद सोडला. स्वतःच अर्ज टाईप केला : विषय, संदर्भ, परिपत्रकातला तो परिच्छेद, कॉल लॉगचा फोटो, ४.३८ चा मेसेज, ४.५१ चा मेसेज, सोबत जोडलेल्या कागदांची यादी. एफआयआरची अट परिपत्रकात कुठे आहे ते लेखी कळवावं, हेही घातलं. अधिकारी म्हणाला, "मेल करून टाका." आमच्या ऑफिसात नको त्या माणसाला आम्ही 'टपालात टाका' म्हणायचो, त्यामुळे अर्थ लगेच कळला. आवक क्रमांक आणि शिक्का मिळेपर्यंत उठणार नाही म्हटलं. दुपारचे जेवणाचे डबे उघडले गेले, मिटले गेले. सव्वातीनला शिक्का बसला.

२५,००० जमा झाले, २३ दिवसांनी. परिपत्रकात ग्राहकानं कळवल्यापासून १० कामकाजाचे दिवस लिहिलेत, पण तेवढ्यासाठी पुन्हा त्या स्टुलावर बसायची ताकद नव्हती.

एक आधीच सांगायला हवं होतं. असं काही झालं तर बँकेला फोन लावण्याआधी मोबाईलचा डेटा आणि मोबाईल-लॅपटॉप दोन्हींचं वायफाय बंद करा. कॉल आणि मेसेज तरीही येतात, पण एनीडेस्कवाल्याचा हात तुटतो. मी ते केलं असतं तर चार खेपा वाचल्या असत्या. आणि हेल्पलाइनवर 'कार्ड' म्हणू नका, 'सगळं बंद करा' म्हणा, नेट बँकिंग आणि यूपीआयसकट.

१९३० मुळे ४९,००० पैकी ११,००० कुणाच्या तरी खात्यात गोठवले गेले. ते सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता. वकिलांनी कागद मागितले, तर मी पानांना क्रमांक घालून, अनुक्रमणिका लावून फाइल दिली. ते म्हणाले, "बाई, तुम्ही लेखा विभागात होता का?"