उरलेली सहा मिनिटे

रविवार, रात्र

आजच्या सराव परीक्षेत ६२५ गुण मिळाले. मागच्या रविवारी ६५५ होते. तीस गुणांची घसरण ही काही रडत बसण्यासारखी गोष्ट नाही, एवढे मला कळते; एखाद्या दिवशी झोप झालेली नसते, एखादा उतारा डोक्यात शिरत नाही. परंतु आज झोप झाली होती आणि उतारेही समजले होते. तरीही दुपारपासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही, कारण गेलेले गुण मला काही येत नव्हते म्हणून गेलेले नाहीत. बरोबर दिलेली उत्तरे मी स्वतःच्या हाताने चुकीची केली आहेत.

२०२२ मध्ये पहिल्यांदा जीमॅट, म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठीची ही परीक्षा, दिली, तेव्हा मागे फिरण्याची सोयच नव्हती. उत्तर नक्की केले की तो प्रश्न कायमचा गेला. त्या वेळी या नियमाचा मला किती राग येत असे, हे जुन्या रोजनिशीत पानोपानी सापडेल. २०२३ च्या अखेरीस परीक्षेचे नवे रूप आले आणि मागणी मान्य झाली. आता विभाग संपताना वेळ उरला असेल, तर सगळी उत्तरे पुन्हा पाहता येतात आणि त्यांपैकी जास्तीत जास्त तीन बदलता येतात. तीन विभाग, म्हणजे नऊ बदल. आज मी सात वापरले. कच्च्या कागदावर पहिले उत्तर टिपून ठेवण्याची सवय असल्यामुळे हिशेब लगेच लागला: चार वेळा बरोबरचे चूक झाले, दोन वेळा चुकीचे दुसरे चूक झाले आणि एकदाच चुकीचे बरोबर झाले.

सर्वांत जास्त सलते ते डेटा इनसाइट्समधले, म्हणजे दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढण्याच्या विभागातले, उत्तर. या विभागात ४५ मिनिटांत २० प्रश्न सोडवायचे असतात आणि गेले चार महिने माझी एकच तक्रार होती, ती म्हणजे वेळ पुरत नाही. आज चक्क सहा मिनिटे उरली. ती उरलेली पाहून जो आनंद झाला, त्याच आनंदात मी खूण करून ठेवलेल्या प्रश्नांकडे परतले. त्यांतला एक, दिलेली माहिती उत्तरासाठी पुरेशी आहे की नाही, एवढेच ठरवण्याचा होता. क्ष हा य पेक्षा मोठा आहे का? पहिले विधान असे की क्षचा वर्ग यच्या वर्गापेक्षा मोठा आहे. दुसरे असे की दोघांची बेरीज शून्यापेक्षा मोठी आहे. वर्गांच्या वजाबाकीचे अवयव पाडले की वजाबाकी आणि बेरीज यांचा गुणाकार धन आहे असे निघते, बेरीज तर धन आहेच, म्हणजे वजाबाकीही धन असणार. एकेकटे विधान अपुरे आहे, दोन्ही मिळून पुरेशी आहेत. हे मी पहिल्या फेरीत दीड मिनिटात केले होते, आणि नीट केले होते.

मग उरलेल्या सहा मिनिटांत मला उणे पाच आणि दोन ही जोडी सुचली. वर्ग मोठा, पण संख्या लहान! मी घाईघाईने 'दोन्ही मिळूनही अपुरी' हा पर्याय निवडला आणि आपण सापळा ओळखला या समाधानात पुढे गेले. उणे पाच आणि दोन यांची बेरीज उणे तीन येते, म्हणजे ही जोडी दुसऱ्या विधानात बसतच नाही, हे मला परीक्षा संपल्यावर, हात धुताना, आठवले.

चूक गणिताची असती तर मी ती वहीत लिहून झोपले असते. पण ती गणिताची नाही. त्या क्षणी माझ्या मनात नेमके काय आले होते, तेच मी दुपारपासून शोधते आहे. उत्तराविषयी शंका आली होती, असे म्हणावे तर शंकेला काही आधार लागतो आणि मला तो नव्हता. खरे सांगायचे तर उत्तर इतक्या सहज आले होते की ते बरोबर असेल, असे मला वाटेना. वर्बलमध्येही, म्हणजे वाचन आणि युक्तिवादाच्या विभागातही, हेच झाले. प्रशिक्षणानंतर विक्री वाढली, म्हणून प्रशिक्षणामुळेच विक्री वाढली, असा युक्तिवाद होता आणि त्यामागचे गृहीतक ओळखायचे होते. विक्री वाढण्याचे दुसरे काही कारण घडलेले नाही, हे मी पहिल्या वाचनातच निवडले होते. दुसऱ्या वाचनात ते फारच साधे वाटले, म्हणून मी त्याहून लांब आणि त्याहून गुंतागुंतीचा पर्याय घेतला.

या परीक्षेच्या स्वभावाने माझा हा रोग वाढवला आहे. उत्तरे बरोबर येत गेली की पुढचे प्रश्न अवघड होत जातात, हे एकदा कळल्यापासून प्रश्न सोपा वाटला की मला आनंद होण्याऐवजी धसका बसतो: मागचे चुकले असणार, म्हणूनच हा सोपा आला. म्हणजे जमले नाही तर मी कच्ची, आणि जमले तर त्यात काहीतरी दगा! ताईचा फोन येऊन गेला, उचलला नाही. तिला गुण सांगता आले असते, पण हे कसे सांगणार? राजीनाम्याचा मसुदा तसाच पडला आहे. त्याच्याविषयी आज नको.

संध्याकाळी मी चुकांच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले: 'पहिले उत्तर बदलायचे नाही.' लिहून बरे वाटले. मग स्वतःला आणखी छळावे म्हणून या विषयावर कोणी काही अभ्यास केला आहे का ते पाहिले, आणि माझ्या लाल शाईची पंचाईत झाली. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,५६१ विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरील खोडाखोड तपासली होती. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीची बरोबर झाली होती, बरोबरची चुकीची झालेली २५ टक्केच होती, आणि उरलेल्यांत एक चूक जाऊन दुसरी आली होती. तरीही बदलल्याने नुकसान होते, अशीच बहुतेकांची समजूत असते, कारण हातात असलेले बरोबर उत्तर घालवल्याची चुटपुट जास्त लागते आणि तीच लक्षात राहते.

हे वाचून मला आधी संताप आला. सगळ्या जगाचा फायदा होतो आणि माझेच तेवढे बुडते, यात नवीन काय! मग हे सिद्धच करून टाकावे, म्हणून वही उघडली. चार महिन्यांत 'बदलून चुकले' अशा चौदा नोंदी आहेत. चौदा! पुरावा हाती आल्याच्या थाटात मी त्यांच्यासमोर बदलून बरोबर आलेल्यांची संख्या लिहायला गेले, आणि तो रकाना वहीत नाही हे लक्षात आले. असणार तरी कसा? ती चुकांची वही आहे. बदलून बरोबर आलेले उत्तर ही चूक नव्हे, म्हणून ते कधी वहीत आलेच नाही, आणि कच्चे कागद तर मी दर रविवारी फाडून टाकत आले आहे. दुपारी जो पर्याय चुकून निवडला, तो खरे तर इथे हवा होता: दोन्ही मिळूनही माहिती अपुरी.

इथे मला हसू आले. चार महिने रोज रात्री मी मन लावून फक्त स्वतःच्या विरोधातला पुरावा गोळा केला आहे, तोही तारीखवार आणि सुवाच्य अक्षरात.

मग सातवा बदल आठवला, जो दिवसभरात एकदाही मनात आला नव्हता. तक्त्यावरचा प्रश्न होता. दुसऱ्या नजरेत दिसले की टक्केवारीचा रकाना मी संख्येचा समजून वाचला आहे. मी तो नीट वाचला, उत्तर बदलले, ते बरोबर आले. त्या वेळी धसका नव्हता की समाधानही नव्हते. काय चुकले ते दिसले होते, एवढेच. या एका उत्तराचे मी कोणापाशी कौतुक केलेले नाही, माझ्यापाशीही नाही.

वहीत नवा रकाना आखला आणि त्यात पहिली नोंद याच बदलाची केली. परीक्षेला एकोणीस दिवस उरले आहेत. एवढ्यात रकान्यात फार काही जमणार नाही. पहिल्या पानावरची लाल ओळ खोडली. खोडून झाल्यावर लक्षात आले की हाही पहिले उत्तर बदलण्याचाच प्रकार झाला, आणि तो मी रात्री अकरा वाजता, पेंगुळलेल्या डोळ्यांनी केला आहे. बरोबर केले की चूक, हे ठरवायला आणखी सहा मिनिटे घ्यावीत असा मोह होतो आहे. दिवा मालवते.