दुपारी सुटणारी गासडी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांचा फोन आला. गासड्या बांधायच्या हायड्रॉलिक प्रेसचा, तेलाची वाट फिरवणारा व्हॉल्व्ह गेलाय, तसलाच नवीन घेऊन या. तसलाच आधीही बदलून झालाय, हे तिथं पोचल्यावर कळलं. मे महिना, वर पत्रा. सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको.

प्रेस टॉवेल दाबते, ऑपरेटर बटण सोडतो, व्हॉल्व्ह सेंटरला, म्हणजे मधल्या थांब्यावर येतो आणि पोरं पट्ट्या आवळायला घेतात. तेवढ्यात वरची प्लेट गुपचूप वर सरकते, टॉवेल फुगतात आणि सगळा ताण पहिल्या पट्टीवर येऊन ती तुटते. मी खडूनं रेघ मारली. पाच मिनिटांत प्लेट दोन-अडीच सेंटीमीटर वर.

निम्मं निदान ऑपरेटर अण्णांनीच सांगून टाकलं. "सकाळी धरतंय ओ, दुपारी सोडतंय." टाकीचा थर्मामीटर 65 दाखवत होता. तेल 46 नंबरचं, पण तो दाटपणाचा आकडा 40 अंशांवरचा. 65 ला तेल त्याच्या निम्म्याहूनही पातळ होतं. स्पूल व्हॉल्व्ह नवा असला तरी आतून थोडा गळतोच, कारण स्पूल म्हणजे आतला दांडा, त्याला बॉडीत सरकायला फट लागतेच. पातळ तेलाला ती फट पुरते. दाब धरून ठेवणं हे स्पूलचं कामच नव्हे. सिलिंडरच्या सीलवर संशय नको म्हणून प्रेस दाबून मोटर बंद केली आणि रॉडकडची लाइन जपून सैल केली. सील गळत असतं तर तेल इथून आलं असतं. कोरडी. म्हणजे सील ठीक.

मग फळीवर स्पूल सरकवणाऱ्या जळक्या कॉइलचा ढीग दिसला. सगळ्या 230 व्होल्ट एसी, काळ्या पडलेल्या. एसी कॉइलचा स्पूल पूर्ण सरकला नाही तर करंट खाली येत नाही आणि कॉइल भाजून निघते. स्पूल का अडकत होता? पंप मिनिटाला 45 लिटरचा, म्हणून कुणीतरी 6 नंबर साइजचा व्हॉल्व्ह बसवलेला. वरवर बरोबर. पण सिलिंडरचा बोअर 125 मिलिमीटर, रॉड 90. प्लेट वर घेताना रॉडकडून 45 लिटर आत गेलं की दुसरीकडून जवळजवळ 93 लिटर बाहेर पडतं, आणि ते सगळं त्याच व्हॉल्व्हमधून टाकीत जायचं. एवढ्या लोंढ्यात 6 नंबरचा स्पूल धड सरकत नाही, वर तेल तापतं ते वेगळंच. कॅटलॉग उघडणारे पंपाचा आकडा बघतात. परतीचं तेल फार थोडे जण मोजतात.

मी 10 नंबर साइज, 24 व्होल्ट डीसी कॉइल आणि खाली पायलट चेक व्हॉल्व्ह सुचवला. हा तेल कोंडून धरतो आणि पायलट लाइनीत दाब आला तरच सोडतो. खरा काथ्याकूट सेंटरवर, म्हणजे मधल्या थांब्यावर कुठल्या वाटा मोकळ्या ठेवायच्या यावर झाला. जुना स्पूल टँडम सेंटरचा: पंप टाकीला मोकळा, पण सिलिंडरच्या दोन्ही लाइनी बंद. तोच ठेवला असता तर पायलट लाइनीत दाब अडकून चेक नीट बसला नसता. नुसत्या लाइनी मोकळ्या करून पंपाची वाट बंद ठेवली, तर पट्ट्या बांधेपर्यंत पंप रिलीफवरून (जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) तेल ढकलणार आणि टाकी आणखी तापणार. म्हणून चारही पोर्ट एकमेकांना मोकळे असलेला ओपन सेंटर घेतला. या पॉवर पॅकवर (पंप-मोटर-टाकीच्या संचावर) एकच सिलिंडर होता म्हणून हे चाललं. दुसरा असता तर वेगळा विचार करावा लागला असता.

मालकांना साइज बदलल्याचा राग आला, कारण व्हॉल्व्ह ज्यावर बसतो ती जुनी सबप्लेट बाद झाली आणि पाइपही नव्यानं करावे लागले. "जुन्याला तीन बोल्ट जास्त मारले असते तर?" असंही विचारून झालं.

बसवल्यावर रेघ हलेना. पण प्लेट वर घेताना धाडकन आवाज झाला आणि पोरं मागं सरली. कोंडलेला दाब एका झटक्यात सुटत होता. चेक बदलून आधी छोटी पॉपेट (झडप) उघडून दाब हळू सोडणारा घेतला, तेव्हा आवाज निवला. तेल थंड करायच्या कूलरचं कोटेशन मात्र मालकांच्या टेबलावरच आहे. दिवाळीनंतर बघू म्हणालेत.