गाडीचं तिकीट आलं म्हणून लगेच पैसे भरून मोकळे होऊ नका

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं, आणि तेच डोक्यात घेऊन आपली पोरं इकडे अमेरिकेत येतात. मग एखाद्या संध्याकाळी गाडीच्या मागे लाल-निळे दिवे लागतात, हातात तिकीट, म्हणजे वाहतुकीचा नियम मोडल्याची नोटीस, पडतं, त्यावर कोर्टाचं नाव आणि तारीख बघून छातीत धडधडायला लागतं आणि त्याच रात्री क्रेडिट कार्ड काढून पैसे भरून विषय संपवला जातो. घरी आईबाबांना सांगायचं पण नाही. हे बरोबर नाही असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी न्यू जर्सीत राहते तेव्हा हे सगळं न्यू जर्सीचं आहे, बाकी राज्यांत नियम बरेच वेगळे असतात, ते तिथल्या लोकांनाच विचारा.

मागच्या हिवाळ्यात माझ्या भाच्याला तिकीट मिळालं. मास्टर्ससाठी आलाय, सेकंडहँड गाडी घेतलीय. ताशी 25 मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर 42 ने चालला होता, म्हणजे मर्यादेपेक्षा 17 मैल जास्त. त्याचा फोन आला, "मावशी, शंभरच्या आसपास डॉलर आहेत, भरून टाकतो, फक्त आईला काही बोलू नकोस." मी म्हटलं आधी थांब, कार्ड खाली ठेव, तिकिटाचा फोटो पाठव.

कारण इथे पैसे भरणं म्हणजे नुसता दंड भरणं नाही. एनजेएमसी डायरेक्ट नावाची सरकारी साइट आहे, तिथे तिकीट नंबर टाकून पैसे भरले की तुम्ही गुन्हा कबूल केला आणि सुनावणीचा हक्क सोडला असं धरतात. आपल्याकडचं ई-चलान गाडीच्या नंबरवर येतं, मेसेज येतो, फोटो येतो, लोक वर्षभर तसंच पडू देतात आणि लोक अदालतीची नोटीस आली की तडजोड करतात. इथलं हे तिकीट गाडी चालवणाऱ्या माणसाच्या नावावर असतं आणि त्याच्या लायसन्सवर पॉइंट चढतात. वेगमर्यादेपेक्षा 14 मैलांपर्यंत जास्त असाल तर 2 पॉइंट, 15 ते 29 मैल असेल तर 4, आणि 30 किंवा त्याहून जास्त असेल तर 5. तीन वर्षांत 6 पॉइंट झाले की मोटर व्हेइकल कमिशन, म्हणजे इथलं आरटीओ, वेगळं 150 डॉलरचं बिल पाठवतं, पुढच्या प्रत्येक पॉइंटला आणखी 25, आणि 12 झाले की लायसन्स सस्पेंड. इन्शुरन्स कंपनी हप्ता वाढवते तो वेगळाच, आणि तो एकदा वाढला की काही वर्षं तसाच राहतो. खरा खर्च तिथे आहे. भाच्याला एका रात्रीत 4 पॉइंट लागले असते, आणि ते सुद्धा शंभर डॉलरमध्ये सुटलो या आनंदात.

म्युनिसिपल कोर्ट हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यासमोर काळे कोट, तारीख पे तारीख आणि वर्षानुवर्षं चाललेल्या जमिनीच्या केसेस येतात. तसं इथे काही नसतं. न्यू जर्सीत 564 नगरपालिका आहेत, बऱ्याच गावांचं स्वतःचं छोटं कोर्ट असतं, काही गावं मिळून एक चालवतात. ट्रॅफिक, पार्किंग, दारू पिऊन गाडी चालवणं, शेजाऱ्यांची किरकोळ भांडणं, गावाचे नियम मोडणं, असल्या केसेस तिथे येतात. ज्युरी नसते, एकच जज निकाल देतो. हे जज तीन वर्षांसाठी नेमलेले असतात आणि त्यातले पुष्कळ जण पार्टटाइम असतात, बाकीचे दिवस स्वतःची वकिली करतात. आणि 2020 च्या कोविडनंतर साध्या ट्रॅफिक केसेस बऱ्याच ठिकाणी झूमवरच चालतात, त्यामुळे पायरी चढायचा प्रश्नही अनेकदा येत नाही. तरी आपल्या केसला प्रत्यक्ष जायचंय की ऑनलाइन ते कोर्टाच्या ऑफिसला फोन करून विचाराच, गृहीत धरू नका.

भाच्याने तेच केलं. तारखेच्या आधी फोन केला, नॉट गिल्टी नोंदवायला सांगितलं. ही पायरी चुकवू नका. काही तिकिटांवर कोर्टात यायलाच पाहिजे असा चौकोन टिक केलेला असतो, तेव्हा ऑनलाइन पैसे भरून चालत नाही. ते नीट बघा.

झूमच्या दिवशी तो माझ्याच घरी आला होता, डायनिंग टेबलवर लॅपटॉप, इस्त्रीचा शर्ट, बाजूला तिकीट, लायसन्स, इन्शुरन्स कार्ड. मी कॅमेऱ्याच्या बाहेर बसून ऐकत होते. सुरुवातीला हक्क वाचून दाखवले सगळ्यांना, वकील करायचा हक्क, गप्प राहायचा हक्क, सुनावणी मागायचा हक्क, निकाल मान्य नसेल तर 20 दिवसांत वरच्या कोर्टात अपील. एक ट्रकवाले गृहस्थ चालत्या गाडीतूनच जॉइन झाले होते, त्यांना जजने आधी गाडी बाजूला लावा मग बोला असं शांतपणे सांगितलं आणि ते परत येईपर्यंत पुढची केस घेतली. एका आजोबांना इंग्रजी येत नव्हतं तर स्पॅनिश दुभाषा लाइनवर घेतला. दुभाष्याचे पैसे लागत नाहीत, कोर्टच देतं, फक्त आधी कळवायचं. आपल्याकडून मुलांकडे आलेल्या आईवडिलांवर असली वेळ आली तर कृपा करून हे लक्षात ठेवा, नातवाला दुभाषा म्हणून बसवू नका.

एका बाईंना इन्शुरन्सचं कार्ड गाडीत नव्हतं म्हणून तिकीट मिळालं होतं. तिकिटाच्या दिवशी इन्शुरन्स चालू होता याचा कागद त्यांनी दाखवला आणि ते तिकीट निघून गेलं, फक्त कोर्टाचा खर्च लागला. घाबरून पैसे भरले असते तर दंडच बसला असता ना!

मग भाच्याचा नंबर लागला, त्याला वेगळ्या रूममध्ये प्रॉसिक्युटरकडे पाठवलं. सरकारी वकील म्हटल्यावर आपल्याला वाटतं हा आपल्याला आत टाकायला बसलाय. पण साध्या तिकिटात हा माणूस आधी तुमचं रेकॉर्ड बघतो, ते स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा कमी गुन्ह्यावर तडजोड करायला तयार असतो. भाच्यापुढे दोन पर्याय ठेवले. पहिला अनसेफ ड्रायव्हिंग, यात पॉइंट शून्य, पण दंडाच्या आणि कोर्ट खर्चाच्या वर 250 डॉलरचा सरचार्ज, म्हणजे एकूण चारशेच्या आसपास. दुसरा, वेग कमी धरून 2 पॉइंटचं तिकीट, दंड साधारण तेवढाच जेवढा आधी होता.

इथे सगळे डोळे झाकून शून्य पॉइंट घेतात. आमचं त्यावर आदल्या रात्रीच बोलणं झालं होतं. ज्याच्या नावावर आधीच पॉइंट आहेत त्याने शून्यवाला घेणं शहाणपणाचं, चारशे गेले तरी चालतील. पण पाच वर्षांत अशी तिसरी अनसेफ ड्रायव्हिंगची केस झाली तर सरळ 4 पॉइंट बसतात हे कोणी सांगत नाही. आणि भाच्यासारखा कोरी पाटी असलेला विद्यार्थी, ज्याला महिन्याचं भाडं काढताना हिशोब करावा लागतो, त्याने 2 पॉइंट घ्यावेत आणि मान्यताप्राप्त डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करावा. त्या कोर्सने 2 पॉइंट उतरतात, पाच वर्षांतून एकदा, आणि इन्शुरन्सवर तीन वर्षं सवलत पण मिळते. शिवाय वर्षभर काही गुन्हा झाला नाही तर 3 पॉइंट आपोआप कमी होतात. त्याने दुसरा पर्याय घेतला.

परत जजसमोर आल्यावर जजने त्याला एकेक प्रश्न विचारले, कबुली स्वतःच्या मर्जीने देताय का, कोणी दबाव टाकला का, सुनावणीचा हक्क सोडताय हे कळलंय का, त्या दिवशी नेमकं काय झालं. त्याचा आवाज थोडा कापत होता पण उत्तरं नीट दिली. जजने ऐकून घेतलं, मान्य केलं, पैसे एकदम जमत नसतील तर हप्ते मागता येतील असंही सांगितलं. चोवीस वर्षांच्या पोराशी कोणी सरकारी माणूस इतक्या आदराने बोलतोय हे बघून मला फार बरं वाटलं.

ज्यांना वाटतं की आपण दोषी नाहीच त्यांनी तडजोड करायलाच पाहिजे असं मुळीच नाही. प्रॉसिक्युटरकडून पोलिसांचे कागद, व्हिडिओ, रडार मशीन तपासल्याचं सर्टिफिकेट मागता येतं, तो तुमचा हक्क आहे. फक्त व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरतं की पोलीस आला नाही तर केस रद्द होते, त्यावर विसंबू नका, जज पुढची तारीखही देऊ शकतो. अपघात झाला असेल, कोणाला लागलं असेल, दारूचा विषय असेल तर मात्र वकील घ्याच, तिथे पैसे वाचवायला जाऊ नका. अपघाताच्या केसमध्ये कबुली देताना ती पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात वापरली जाऊ नये अशी मागणी करता येते, वकिलाला ते आठवणीने विचारा.

पोलिसाने थांबवलं त्या क्षणाबद्दलही सांगते, कारण आपल्या सवयी तिथे घात करतात. गाडीतून उतरून साहेब-साहेब करत त्याच्याकडे जायचं नाही. आत बसून राहा, काच खाली, हात स्टिअरिंगवर, कागद मागितल्यावरच आणि सांगून काढा. रस्त्यावर वाद नको. आणि मिटवून टाकूया वगैरे भाषा चुकूनही नको, तो लाच द्यायचा गंभीर गुन्हा होतो.

सगळ्यात वाईट म्हणजे तिकीट ड्रॉवरमध्ये टाकून विसरून जाणं. तारखेला गेलात नाही, पैसेही भरले नाहीत तर लायसन्स सस्पेंड होऊ शकतं, वॉरंट निघू शकतं. घर बदललंत तर मोटर व्हेइकल कमिशनला पत्ता कळवा, कारण तारीख बदलल्याची नोटीस जुन्याच पत्त्यावर जाते. आणि केस संपली की कोर्टाकडून निकालाची प्रत मागून घ्या, पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा. पुढे कधी नागरिकत्वाचा फॉर्म भराल तेव्हा पोलिसांनी कधी साइट केलंय का, म्हणजे तिकीट किंवा नोटीस दिलीय का, असं विचारतात, त्या वेळी दहा वर्षांपूर्वीचं तिकीट शोधत बसावं लागत नाही.